पाच कांड्या

सायकलीच्या दांड्यावर पाच हिरव्या कांड्या.
पोरगं म्हणालं, पाचही भरल्या की चाळीस किलोमीटर.
बत्तीस वर्षं खांबावर चढलोय मी,
मला आकडे सांगू नका.
लिहिलेलं आणि निघालेलं, मध्ये लाइन-लॉस असतोच.

तरी निघालो. गुडघ्यांनी पहिल्यांदाच हरकत घेतली नाही.

पवनी मी पाहिलीय ती वरून:
कौलं, कौलांवर चढलेला कोहळ्याचा वेल,
कुणाच्या सांदवाडीतलं भांडण,
आणि पलीकडे वैनगंगा,
पक्कडीच्या दोन जबड्यांत मावेल एवढी.
खालून मी फक्त खांबांचे नंबर वाचले.

अर्धं पायडल आपण मारायचं, उरलेलं ती मारते.
आवाज नाही.
कुत्री उठतात, आणि भुंकायचं कशावर
ते न कळून परत बसतात.

दरवाजाच्या कमानीत थांबलो.
दगडाच्या फटीत एक लोखंडी खुंटी,
तिला चिनीमातीचा इन्सुलेटर, अर्धा फुटलेला.
मीच ठोकली होती, सत्याऐंशीच्या गणपतीत.
तपासणीला आलेला साहेब ओरडला होता,
ह्या दगडाचं वय माहीत आहे का?
नव्हतं. अजूनही नाही.
आता खुंटी आणि दगड सारखेच काळे.

खंदकात शिंगाडे.
डोंग्यातून एका ढिवरीण बाईनं विचारलं,
"पेटरोल लागते का जी इले?"
नाही.
"पानी?"
तेही नाही.
"मंग माह्या नवऱ्यापरीस बरी."

मातीच्या तटावर चढताना एक कांडी गेली.
घाटावर दुसरी; तिथं चढ नव्हता,
मीच उगाच प्रत्येक देवळाशी
ब्रेक लावत, सोडत राहिलो.

जगन्नाथ टेकडीखाली उतरलो.
विटा. गवत. बकऱ्या.
मोहाची फुलं वेचायला निघालेली माझी माय
इथून जाताना चपला हातात घ्यायची.
कशासाठी, तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही घेतल्या.
मग एका हातात चपला, एका हातात सायकल,
आणि सायकल मेली.

बंद पडली की ही साधी सायकल राहत नाही,
हिचं वजन वासराएवढं.
ढकलत कोष्टीपुऱ्यात आलो,
दार उघडं दिसलं तिथं विचारलं, प्लग मिळेल का.

"गोंडाने लाइनमन न जी तुमी?
ओरखलं मी तुमाले."

इंदूबाई हेडाऊ.
अठ्ठ्याण्णव साल, थकबाकी एकशे ब्याऐंशी रुपये.
मी खांबावर, ती आत मागावर.
जंपर काढला, घर काळं झालं,
आणि धोटा एक क्षणही थांबला नाही.
ते ठकठक मला
खांब उतरेस्तोवर ऐकू येत होतं.

घरात प्लग एकच.
त्यावर कांड्या भरायची छोटी मोटर.
तिनं पिन उपटली, माझी लावली,
माळ्यावरून जुना चरखा काढला, धूळ फुंकली,
आणि हातानं भरायला बसली.

मी म्हटलं, बाई, पैसे घ्या.
"बिल येईन तवा पाहू.
तुमी याच की मंग कापाले."
हसली का, दिसलं नाही; सूत दातात धरलं होतं.

दीड तास बसलो.
तिच्या टोपलीत अठरा कांड्या भरल्या,
माझ्या दांड्यावर दोन.
चहा दोनदा झाला.
त्या एकशे ब्याऐंशीचा विषय
मी तीनदा काढायला गेलो, तीनदा पाऊस कधीचा यावरच बोललो.

निघताना पाहिलं,
प्लगचा एक पाय सैल आहे, ठिणगी मारतोय.
म्हटलं, टेस्टर आहे का घरात?

"होता," म्हणाली,
"तुमीच नेला असन त्या दिवशी."