नदीवरची शिवण

रात्री साडेअकराला कांदा थांबतो.
तुर्भ्याच्या देढियाशेठचा कांदा.
साइट उघडली की तो गोल फिरायला हवा होता,
आधी डावीकडून, मग उजवीकडून,
मग म्हणाले, ताई, सालीवर जरा चमक आणा.
आणली.
मोबाइलवर मात्र अजून तो मेन्यूखाली
अर्धा गाडलेला राहतो,
काढणीला आल्यासारखा.
उद्या उपटू.

लॅपटॉप तोच, खुर्ची तीच.
पाठीची उशी तेवढी बदलते.
दिवसाची करडी,
रात्रीची लाल, एका बाजूने उसवलेली.
माझं ऑफिस आणि माझं अरण्य
यांच्यामध्ये एवढंच अंतर.

घणसोली, सेक्टर सात, चौथा मजला.
खाडीकडे विजेच्या मनोऱ्यांचे दिवे
लागतात, विझतात. कंपन्यांचा वास
वारा वळला की आत येऊन बसतो.
मी हेडफोन चढवते
आणि वेखंड होते.

वेखंड म्हणजे मी. वय दोनशे चाळीस,
काम लेप लावण्याचं, अंगात कळकट झगा,
झोळीत सतरा प्रकारची मुळं.
तलवार चालवता येत नाही. शिकायचीही नाही.
आमच्या टोळीत तलवार शैला गावितकडे:
बेलापूरला नर्स, बारा तासांची ड्यूटी,
आणि इथे सात फुटी, शिंगांचं शिरस्त्राण घातलेली,
दिसेल त्या दगडावर घाव घालणारी.
मी एकदा विचारलं, लेपाचं काम तू घ्यायला हवं होतंस ना?
म्हणाली, वेडी आहेस का?

तिसरा गोठिवलीचा जयेंद्र मढवी.
त्याने खेळातल्या नदीकाठी वीस गुंठे घेऊन ठेवलेत.
लोक मोहरांच्या थैल्या आणतात, बुरूज बांधायचाय म्हणतात.
तो आपला खोटा भात लावत बसतो.
विकत नाही.
एकदाच बोलला, "एकदा इकून बगितलंय."

परवा त्याच काठावर बसले होते
तेव्हा शिवण दिसली.
पाण्याचे दोन तुकडे जिथे जुळायचे
तिथे केसाएवढी फट,
आणि फटीखाली काहीच नाही,
नुसता फिकट, न रंगवलेला उजेड.
कुणीतरी माझ्यासारखंच
शुक्रवारी संध्याकाळी
सोमवारी बघू म्हणून उठलेलं असणार.
माझी बोटं आपोआप वळवळली.
एक आकडा, फार तर दोन...
"बस गो वेखंड," जयेंद्र म्हणाला, "घाई कनाला?"
मासे त्या फटीवरून आरामात जात होते.
बसले.

मग शैला आली. उशिरा. बोलली नाही.
सरळ गुहेत शिरली, अस्वलावर धावली,
ढाल न उचलता मार खात राहिली.
तिच्या जिवाची पट्टी लाल, आणखी लाल, मग नखाएवढी.
मी धावले, लेप लावला.
हिरवा उजेड तिच्या खांद्यांवरून ओघळला.
पट्टी भरली.
हेडफोनमध्ये तिच्या घरचा पंखा ऐकू येत होता,
एका पात्याला कुरकुर.
"अजून लाव," ती म्हणाली.
अगं, भरलीय तुझी.
"असू दे. लाव."

सतराही मुळं संपेपर्यंत लावत राहिले.
अस्वल बाजूला नुसतं उभं होतं.
ते तसं उभं राहायला नको होतं,
तीही कुणाची तरी चूकच.
नऊ नंबरच्या खाटेबद्दल ती
अर्ध्या तासाने दोन वाक्यं बोलली.
ती इथे लिहीत नाही.

दोन दहाला फोन उजळला. देढियाशेठ:
ताई, जाग्या असाल तर,
कांदा थोडा हळू फिरवता येईल का?
बघताना गरगरतं.

लाल उशी काढली नाही.
करडीला हातही लावला नाही.
हळू. हो.
हे बाकी खरं आहे त्यांचं.