लाभ म्हणजे किती ग्रॅम

नाशिकच्या दुकानाचं म्हणणं एवढंच होतं,
पाकिटावर सगळं ग्रॅममध्ये हवं.
म्हणून मी अमळनेरहून काटा आणला,
आकडे लाल, बटणं दोन,
आणि मारवडला गोजरबाईंच्या ओसरीत
बिबड्यांच्या पातेल्याशेजारी मांडला.

माझ्याकडे वही. त्यांच्याकडे मापटं,
पितळेचं, बुडाशी पोचा आलेलं.
ज्वारी भरली, हाताच्या कडेनं सपाट केली,
टोपल्यात ओतली आणि म्हणाल्या, लाभ.
मग दोन. मग तीन.
मी वर बघितलं. एक कुठे गेला?
"पहिलं माप एक नसस वं बाई, लाभ ऱ्हास."
वहीत रकाना होता अनुक्रमांकाचा.
लाभ म्हणजे किती ग्रॅम, मी विचारलं.
त्यांनी असं बघितलं माझ्याकडे,
जसं कुणी विचारावं, मंगळवार किती लांब असतो.

सपाट मापटं चारशे तीस भरलं.
शिगेचं चारशे नव्वद.
पाखडलेली निराळी, न पाखडलेली निराळी,
आणि तीच ज्वारी तीन दिवस भिजून, आंबून
उपसली, तेव्हा मापट्याला आणि काट्याला
एकमेकांची ओळखसुद्धा पटेना.
तीळ हलके, मीठ जड,
मिरचीची पूड तर दाबाल तेवढी बसते
काळीपिवळीतल्या माणसांसारखी.

हिंग चिमटीनं.
काट्यावर एक चिमूट ठेवली: शून्य.
मी म्हटलं, दहा टाका, दहानं भागू.
दहांचे तीन ग्रॅम झाले. मी खूश.
"शेवटलीले मी हात आखडी लिधा," त्या म्हणाल्या,
"तू देखी ऱ्हायनी व्हती म्हनीसन."

पहिला घाणा माझ्या वहीचा.
त्यांच्या वाटीत असायचं खडेमीठ,
खड्याखड्यांत हवा भरलेलं.
मी तीच वाटी बारीक मिठानं मोजली
आणि आकडा लिहून मोकळी झाले.
हवा धरायची राहिली.
बिबडे असे खारट, की शेजारच्या यमुनाताईंनी
एक तुकडा मोडला, गिळला,
आणि पाणी न मागता
सभ्यपणे घरी गेल्या.

मग मी मापट्यावरच घसरले.
म्हटलं, ह्याला पोचा आहे, हे मापच खोटं,
नवं घेऊ, शिक्क्याचं.
तेव्हा त्या बसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.
"मना बाप मापाडी व्हता, बाजारम्हा."

कुणा अडत्यानं विकायचं मापटं
बुडाला दगडानं ठोकून आत घेतलं होतं.
फार नाही. मापामागे मूठभर ज्वारी
राहायची त्याच्याच कोठीत.
बापानं एका संध्याकाळी ते उचललं,
पंच्यात गुंडाळून घरी आणलं,
ह्यानं पुन्हा कुणाला काही विकता येऊ नये म्हणून.
मजुरी गेली. मापटं राहिलं.
चुलीपाशी पडून होतं, कामाला लागलं,
आणि त्या पोच्याशी जुळवून
आईनं मीठ बसवलं, मिरची बसवली, पाणी बसवलं.
मापातलं पाप साठ वर्षं शिजत
चव होऊन गेलं.
"आते पोचा काढशी," त्या म्हणाल्या,
"ते बिबडा चुकतीन."

मी काटा शिकवला त्यांना.
रिकामं भांडं ठेवायचं, हे बटण दाबायचं,
मग तो भांडं विसरतो, शून्य दाखवतो.
त्यांनी मापटं ठेवलं. तीनशे बारा.
बटणावर बोट नेलं, मागे घेतलं.
"हाई बी लिखी ले."

पाकिटावर जागा नव्हती.
वहीत लिहिलं,
अनुक्रमांकाच्या रकान्यात: लाभ.
समोर: रिकामं मापटं, पोच्यासकट, ३१२.