शिवणीतलं बी

मसाला मार्केटातून आल्यावर
ह्यांचा सदरा मी आत येऊ दिला नाही कधी.
जिन्यातच झटकायचा, तीनदा,
तरी शेजारच्या मंदाकिनीताईंना ठसका लागायचाच.
ह्यांना कधीच नाही.
तेहतीस वर्षं तुर्भ्याहून कोपरखैरण्याला येताना
बसमध्ये ह्यांच्या शेजारची सीट
शेवटी भरायची.

काम सुटलं त्या आठवड्यात
सदरे बोहारणीसाठी काढले
तर एका खिशाच्या शिवणीत सहा बिया.
चपट्या, पिवळट.
कुठली हो ही? ब्याडगी, गुंटूर, की लवंगी?
म्हणाले, नाव पोत्यावर असतं,
बियांवर नसतं.

रात्रभर पाण्यात.
दोन तरंगल्या, त्या टाकल्या.
चार बुडाल्या, त्या ओल्या कापसात,
श्रीखंडाच्या डब्यात, फ्रीजच्या डोक्यावर.
हे तासातासाला झाकण उघडून बघणार,
आणि मी ओरडणार, कोंबडीसुद्धा इतकं उठबस करत नाही.
अकराव्या दिवशी एकीनं शेपूट काढलं.
मग दुसरीनं.
बाकीच्या कुजल्या.

पाच किलोच्या वर उचलायचं नाही,
वाशीच्या डॉक्टरनी मणक्यांचा फोटो उजेडात धरून सांगितलंय.
मातीची पिशवी बरोब्बर पाच किलोची निघाली.
ती कुशीत घेऊन हे जिना चढले,
दुसऱ्या मजल्यावर टेकले.
मी वरून बघत होते.
खाली गेले नाही.

एका रोपाच्या डोक्यावर बियाची टोपी अडकलेली,
पानं उघडेनात.
ह्यांनी बोटाला थुंकी लावली, टोपी भिजवली,
थांबले,
आणि नखानं अलगद काढली.
हूक धरून धरून वाकडी झालेली ती बोटं.
इतकं हलकं काही करता येतं त्यांना,
हे मला लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं.

मग पानं मुरडली.
आंबट ताक शिंपडलं, राख टाकली.
एक रोप गेलंच.
दुसऱ्याला फुलं आली, गळली, पुन्हा आली.
मधमाश्या सगळ्या खाडीकडच्या झाडीत असाव्यात,
म्हणून रोज दहाच्या सुमारास
हेच एकेका फुलाला टिचकी मारायचे.

पहिली मिरची करंगळीएवढी, आभाळाकडे तोंड केलेली.
तळहातावर घेऊन वर-खाली केली,
जसं वजन करतात.
काहीच नाही गं, म्हणाले.
आणि कचकन चावली.

तेहतीस वर्षांचा ठसका एकदम लागला.
डोळे, नाक, सगळं वाहतंय,
मी गूळ शोधतेय, हसू आवरत नाही,
आणि मंदाकिनीताई दार उघडून विचारतायत
आज पुन्हा कामावर गेले होते का?

बाजारात दाखवून आणू, जात तरी कळेल, मी म्हटलं.
नको, म्हणाले.
ते भाव सांगतील.

एक झाडावरच ठेवलीय, पिकून लाल व्हायला, बियांसाठी.
देठाला शिलाईचा पांढरा दोरा बांधलाय
कुणी चुकून तोडू नये म्हणून.
कुणी म्हणजे हेच.