दंतधातूच्या रांगेत

तिसऱ्या दिवशी रांग कँडीच्या तळ्यापर्यंत सरकली.
माझ्यापुढे रनमॅणिके, वेलीमडाकडची,
पांढऱ्या साडीचा काठ चिखलाने जड,
हातातल्या कमळानं केव्हाच मान टाकलेली.
तोंडात एकही दात नाही. हसून म्हणाली,
"त्याचा एक तरी राहिला बघ."

रात्री एका पोलिसाने फुटपाथवरच चहा दिला.
तेव्हा बोलली समिंदबद्दल:
पहिला दात पडला, तो त्यानं कौलांवर भिरकावला,
खारूताई, जुना घे, नवा दे.
नवा आला.
मग वर्दी आली.
मग उत्तरेकडून एक पेटी,
उघडणार नाही, अशी सही करून घेतलेली.

आत, सोन्याच्या कमळापाशी,
पाठीवर हात. चला, चला, पुढे चला.
मला पुढच्याची मान दिसली आणि थोडा उजेड.
तिला काय दिसलं, विचारलं नाही.

बसच्या पायरीवर थांबून म्हणाली,
पुढच्या आठवड्यात कौलं बदलायला माणूस येणार आहे.
त्याला सांगायचंय,
पन्हाळीतला कचरा खाली फेकू नकोस,
परातीत दे.
मी चाळीन.