कंदील धरणारी

केट्यात, जिथे समुद्र दर दोन-चार वर्षांनी एक गल्ली गिळतो,
पत्र्याच्या चर्चमध्ये त्या रविवारी
कुमासीहून पास्टर आग्येमांग आले.
पांढरे बूट. आमच्या वाळूतही पांढरेच राहिलेले.

दोन तास बोलले.
म्हणाले, ज्या घरचा मुलगा समुद्र नेतो
त्या घराच्या उंबऱ्याखाली पाप पुरलेलं असतं.
अक्पेनेकडे कुणीही मान वळवून पाहिलं नाही.
न पाहण्याचाही आवाज होतो.
मी तिच्या शेजारीच होते.

जाता जाता आणखी एक वाक्य,
रुमालाने मान पुसत, पंख्याकडे सरकत:
राबणाऱ्याची मजुरी अडवाल
तर ती मजुरीच तुमच्याविरुद्ध ओरडेल.
त्यावर सगळ्या बायका आमेन म्हणाल्या.
अक्पेने सगळ्यांत मोठ्याने.

मी तिच्याकडे मासळी धुरावते.
मातीच्या गोल चुली, करवंट्यांचा धूर,
डोळे असे की लग्नातही रडल्यासारखी दिसते.
तीन महिन्यांचे पैसे यायचे होते.
“मोसम येऊ दे,” म्हणायची ती.
मोसम येऊन गेला होता.

त्या रात्री ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत.
फडक्यातून ग्रंथ काढला आणि म्हणाली, “कंदील धर.”

पन्नाशीला अक्षर शिकलेली बाई,
रात्रीच्या शाळेत, मुलाच्या वयाच्या मास्तरकडून.
शेपटीवाला ड आला की अजूनही थबकते,
ओल्या पायरीवर थबकावं तशी.
“ते म्हणतात तसं इथं असेल तर मान्य करीन.
नसेल तर जाऊन विचारीन.
आधी बघू तर दे.”

रागावलेला माणूस ग्रंथ उघडतो तो दगड शोधायला.
मला वाटलं, तीही तेच करतेय.
पण पास्टरांच्या बाजूचं काही सापडलं
की ते पान ती घाईने उलटत नसे.
तिथे माशाचा काटा ठेवायची, खूण म्हणून.
आठ दिवसांत असे सात काटे झाले.
पानांना वास लागला. माशा बसू लागल्या.

मग तो आंधळा भेटला तिला, जन्मापासूनचा.
तिथेही लोक हेच विचारत होते, पाप कुणाचं?
उत्तर तिने तीनदा वाचलं.
बोट ओळीखालून सरकेना.
“सेन्यो,” एवढंच म्हणाली, मुलाचं नाव,
आणि उठून चुलीवरची जाळी विनाकारण सारखी केली.

मला वाटलं, झालं. आता झोपू.
हात भरून आला होता.
पण तिने पुन्हा पान उलटलं.
“त्यांचं एकच वाक्य तपासलं,” ती म्हणाली. “दुसरं राहिलं.”

ते नवव्या रात्री सापडलं.
आधी मोठ्याने वाचायला लागली,
अर्ध्यात आवाज खाली गेला,
मग नुसते ओठ हलत राहिले.
दिव्याखाली अंधार असतो म्हणतात.
तिथे मी उभी होते, नऊ रात्री,
आणि तिने पहिल्यांदाच मान वर करून
कंदिलाच्या मागे पाहिलं.

“किती महिने झाले गं?”

पहाटे पैसे मोजले. नोटांना धुराचा वास,
माझ्या हातांना येतो तोच.
माफी मागितली नाही. चार नोटा जास्त निघाल्या;
मी परत करू लागले तर म्हणाली, “कंदिलाचे.”

मग ती पास्टरांकडे गेली, ग्रंथ काखेत, काट्यांसकट.
मी फाटकाशी थांबले.
तिने आधी त्यांचं बरोबर होतं ते सांगितलं.
मग आंधळ्याचं पान उघडून पुढे धरलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
नेमका तेव्हाच कुणीतरी जनरेटर सुरू केला.
त्यांचे ओठ हलताना दिसले. काय म्हणाले, देव जाणे.

परतताना मी विचारलं. म्हणाली, “वाचतो म्हणाले.”
खरं की खोटं, तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

संध्याकाळी तिने कोळशाने चुलीच्या अंगावर
एक अक्षर काढलं. शेपटीवाला ड.
“गिरव,” म्हणाली.
“नऊ रात्री मी वाचलं ते तिथं खरंच आहे का,
की मला हवं तसं वाचलं,
तुला कसं कळणार?”

शेपटी मला उलटीच आली.
तिने पुसली नाही. शेजारी दुसरी काढली.