जोड

मकवाला ग्वाझावा हे नाव घेतलंत
तर आज कुतायसीत लोक विचारतील,
कोण, ती बेकरीवाली?
नाही. ती नव्हे.

साडेतीन सिनेमे.
अर्धा अशासाठी, की शेवटच्यात
तिचा आवाज दुसरीच बाई बोलली,
तिबिलीसीची, गुळगुळीत,
मधात बुडवलेल्या चमच्यासारखी.
मकवालाचा स्वतःचा आवाज खरबरीत होता,
कढईच्या बुडाला उलथनं घासावं तसा.
स्टुडिओत म्हणे हसायचे.

मी रिओनीच्या काठावर, टॉकीजच्या वरच्या खोलीत
बत्तीस वर्षं मशीन चालवलं.
पहिल्या सिनेमात नायिका निराळी होती.
पोस्टरवर ती, कॅलेंडरवर ती,
न्हाव्याच्या आरशाला चिकटवलेली ती.
मकवाला तिची थोरली बहीण.
काम काय, तर दारात बसून अक्रोड फोडायचे
आणि धाकटीचं लग्न ठरल्याचं ऐकायचं.

बस्स. ऐकायचं.
दुसरी कुणी असती तर रुमाल काढला असता,
मागून व्हायोलिन धावत आलं असतं.
हिनं फोडायला उचललेला दगड
तसाच खाली ठेवला,
आवाज न होऊ देता,
जणू आत कुणाचं तान्हं झोपलंय.
हिरव्या सालींनी काळी पडलेली बोटं
एकदा पाहिली,
आणि विचारलं, "पीठ किती लागेल?"

चौदा सेकंद.

शेवटचा खेळ सुटला की पहारेकरी बोंदो
खालच्या दाराला कडी घालायचा
आणि मी ते रीळ पुन्हा चढवायचो.
सहाशे रिकाम्या खुर्च्या, एक मांजर, आणि ती.
कधी दोनदा. नाताळात तीनदा.
बायको म्हणायची,
घरचे अक्रोड कोण फोडणार?

फिल्म काही चपलेसारखी नसते,
वापरून मऊ व्हायला.
ती तुटते.
जिथे जास्त फिरवाल तिथेच तुटते.
मग दोन्ही टोकं कापायची, खरवडायची,
चिकट लावून श्वास रोखून दाबायची.
एका जोडात दोन फ्रेम जातात.
दोन म्हणजे काय?
पापणीलासुद्धा पत्ता लागत नाही.

सात वर्षांनी घड्याळ लावून मोजलं.
चौदाचे अकरा झाले होते.
तिच्या हातात दगड आहे,
आणि मग नाही.
ठेवणं गेलं होतं.

स्टुडिओनं तिला साडेतीन सिनेमे दिले,
पेपरवाल्यांनी अर्धी ओळ, तीही नाव चुकवून,
आणि जे उरलं त्यावर कात्री चालवली ती मी.
गावात तिची किंमत असलेला
मी एकटा.

कापलेल्या फ्रेम फेकवल्या नाहीत.
चहाच्या डब्यात साठवल्या.
कुणीसं म्हणालं, ती चियातुराला असते,
खाणीवर जाणारा लोखंडी पाळणा चालवते.
मार्चमध्ये गेलो, डबा कोटात घेऊन.
पाळण्यात पाच खाणवाले, एक म्हातारी,
तिच्या काखेत कोंबडी.
निळ्या डगल्यातल्या बाईनं दार लावलं.
आवाज न होऊ देता.

दुसरं काही विचारायची गरज नव्हती.

वर सगळे उतरले. मी नाही.
डबा पुढे केला.
तिनं एक फ्रेम चिमटीत धरली,
खिडकीतून दरीच्या उजेडात नेली.
बराच वेळ.
मग तोच आवाज, कढईच्या बुडाचा:
"हा दगड माझ्या आईच्या घरचा.
शूटिंगवाल्यांनी दिलेला फार नवा होता."

मी सांगणारच होतो, की बाई,
हे माझ्या हातून…
तेवढ्यात खालून घंटा झाली.
"उतरताय की परत खाली?"
"खाली."
"मग दुसरं तिकीट. तीन कोपेक."

दिले.
डबा तिनं बाकाखाली सरकवला,
स्वतःच्या जेवणाच्या पुडक्याशेजारी,
आणि दांडा ओढला.

सहा मिनिटं लागतात खाली यायला.
ती पाठमोरी होती.
एवढा वेळ सलग तिला
कुठल्याच सिनेमानं दिला नव्हता.