सहाशे वीस फूट

घर घेतलं तेव्हा आम्ही घरच पाहिलं होतं.
टपालाच्या पेटीपासून दारापर्यंतचे सहाशे वीस फूट
कागदात कुठे वेगळे मांडले नव्हते.
"लांबलचक ड्राइव्हवे, अगदी प्रायव्हेट," एजंट म्हणाली होती.
मिफ्लिनबर्गचा पहिला मार्च. बर्फ वितळला
आणि त्या प्रायव्हेटमध्ये माझी होंडा
पोटाला चिखल लागेपर्यंत रुतली.

"वाट लागली," निरंजन म्हणाला.
खरं तर वाट
अजून लागायचीच होती.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन कागद.
काँक्रीटचा आकडा वाचून निरंजन उठला, चहा टाकला.
त्यात ईशानच्या कॉलेजची दोन वर्षं बसली असती.
वर शेजारची लोरेटा म्हणाली,
हिवाळ्यात मीठ पडलं की पापुद्रे निघतात.
डांबर त्याच्या निम्म्यात,
पण दर तीन वर्षांनी अधिकातल्या जावयासारखं
सीलकोटचं वाण मागणारं.
नुसती खडी स्वस्त.
पण बर्फ ढकलणारा तिच्यातली निम्मी गवतात ढकलतो
आणि एप्रिलभर ती वेचत बसायची,
तांदळातले खडे निवडावेत तशी.
तांदूळ निदान मांडीवर घेता येतात.

डेल हॉस्टेटर आला तो चौथा.
त्याच्याकडे कागद नव्हता.
आला तोही भर पावसात, मुद्दाम,
आणि गमबुटात सहाशे वीस फूट वाकून वाकून चालला,
काही हरवल्यासारखा.
"वर काय घालायचं ते शेवटी. पाणी आधी.
पाण्याला त्याची जागा द्या,
मग ते तुमच्या वाटेला जाणार नाही."
म्हणजे, इंग्रजीत म्हणाला.
मराठीत येईपर्यंत त्याचं असं झालं.

मग म्हणाला, पंचेचाळीस नंबरचा रस्ता खरवडतायत,
तो चुरा मिळेल.
जुनंच डांबर, उन्हात तापलं की
आपलं आपण एकमेकांना धरतं.
ट्रकचे, रोलरचे, माणसांचे धरून तेरा हजार.
निरंजनने या वेळी चहा टाकला नाही.

आमच्या फाट्यावर लहानपणी एक पाटी होती,
"खडीकरण व डांबरीकरण कामाचा शुभारंभ",
खाली अकरा नावं.
पाटी गंजली, कलली, एका उन्हाळ्यात
कुणीतरी गोठ्याच्या भिंतीला लावायला नेली.
रस्ता काही आला नाही.
इथे पाटी नव्हती.
सकाळी सातला ट्रकच आले.
आधी दोन्ही बाजूंना चर,
मग काळं कापड, त्यावर मुठीएवढी खडी,
त्यावर तो चुरा,
मधोमध उंच, कडांना उतरता,
कासवाच्या पाठीसारखा.
रोलर गेला की कपाटातल्या बशा किणकिणायच्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चपला घालून टोकापर्यंत गेले.
काळ्यात मधूनमधून पिवळे कण.
खाली बसून एक उचलला तेव्हा कळलं,
ही मधली दुहेरी रेघ.
जी ओलांडायची नाही म्हणून
नऊ वर्षं रात्रपाळीला जाताना
धुक्यात, बर्फात, डोळे ताणून
मी डाव्या हाताला धरून ठेवली होती
लुईसबर्गच्या इस्पितळापर्यंत.
नऊ वर्षं मी त्या रस्त्याने गेले.
आता तो आलाय माझ्याकडे,
वाट वाकडी करून.

डेलने बजावलं होतं, दोन आठवडे
जड गाडी जागच्या जागी वळवू देऊ नका.
पार्सलवाल्याला कोण सांगणार?
तिसऱ्याच दिवशी त्याने दारापुढे
चाकाची एक कमान उमटवली.
निरंजन फावडं घेऊन निघाला होता.
मी म्हटलं, असू दे.
ईशानचं पुस्तकांचं खोकं होतं त्यात.
कमान अजून आहे.
पाऊस पडला की तेवढ्यातच
थोडं पाणी साठतं,
आणि डेलला मी अजून सांगितलेलं नाही.